भिंतीवरचे अज्जा

लग्नाचं सांगून मी सोलापूर सोडलं, तेव्हा स्टेशनवर आई एकटीच आली होती. हातात शेंगाचटणीचा डबा, कडक भाकरी बांधलेलं फडकं आणि तोंडात एकच वाक्य, "पोचलीस की फोन कर." अप्पा नव्या पेठेतल्या आमच्या कापडाच्या दुकानात बसून राहिले. ते काही गिऱ्हाइकासाठी नव्हे, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. गाडी हलली तरी मी फलाटाच्या जिन्याकडेच बघत होते, अप्पा येतील म्हणून.

माझा नवरा कोफी मूळचा घानाचा, इथे इंग्लंडात लीड्समध्ये फिजिओथेरपिस्ट. अप्पांचं त्याच्या देशाधर्मावर फारसं अडलं नाही, अडलं ते रंगावर. आणि गंमत बघा, आमच्या अख्ख्या शुक्रवार पेठेत अप्पांइतकं काळं कुणी नाही. त्यांच्या आत्या कानडीत त्यांना 'करिया' म्हणत, म्हणजे काळ्या. मुलगी बघायला गेले की चहाच्या आधी नकार यायचा, हे आई अजून हसत सांगते. "मी भोगलंय की," अप्पा मला म्हणाले होते. "आता नातवंडांनी पण भोगायचं व्हय?" मी आईच्या वळणावर गेले, गोरी. मला त्या वाक्यात नुसता हट्टच ऐकू आला.

पुढे रेवा झाली. आई व्हिडिओवर तिच्याशी बोलायची, अप्पा कधी समोर आले नाहीत. या वर्षी आई म्हणाली, "पोरीला दाखव तरी." मी दोन तिकिटं काढली. तिसऱ्याबद्दल कोफीने एका शब्दाने विचारलं नाही. उलट रेवाचे फ्रॉक त्यानेच इस्त्री करून भरले. विमानतळावर तिला खांद्यावर घेऊन तो आत जायच्या रांगेपर्यंत आला, आणि मला त्याच्याकडे नीट बघवलंही नाही. माहेरी जायचा आनंद मी त्याला दाराबाहेर ठेवून घेत होते.

आमच्या लीड्सच्या हॉलमध्ये तेव्हा एकच फोटो होता, कोफीच्या वडिलांचा. ते रेवाच्या जन्माआधीच गेले. काळेभोर, गंभीर, त्यांच्या पद्धतीने डाव्या खांद्यावरून पांढरं वस्त्र घेतलेले, उजवा खांदा उघडा. रेवा झोपताना रोज त्यांना गुड नाइट म्हणते.

सोलापुरातली पहिली सकाळ. अप्पा अंघोळ करून पूजेला बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, उघडं अंग, डाव्या खांद्यावर पांढरा पंचा. रेवा तोंडात ब्रश धरून दारात थबकली आणि धावत माझ्याकडे आली. "मम्मा! डॅडीचे डॅडी इथे राहतात!"

"अगं, हे माझे अप्पा. तुझे अज्जा."

तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "नाही. ते डॅडीसारखे आहेत. तू अज्जीसारखी आहेस." चार वर्षांच्या पोरीचा हिशोब. मला हसू आलं आणि मी विषय सोडून दिला.

दोन-तीन दिवसांनी आम्ही दुकानात गेलो. उजनीकडच्या एक बाई साडी बघत होत्या. गादीवर मांडी घालून बसलेल्या रेवाने त्यांना ओळख करून दिली, "हे माझ्या डॅडीचे डॅडी आहेत."

अप्पांच्या हातातली मीटरपट्टी थांबली. त्या बाईंनी एकदा अप्पांकडे बघितलं, एकदा रेवाकडे. "दिसतंय की. तोंडावळा आज्ज्याचाच हाय."

"कुणी सांगितलं तुला हे?" अप्पांनी विचारलं.

"तुमचा फोटो आहे आमच्या घरी. डॅडीने लावलाय. मी तुम्हाला रोज गुड नाइट म्हणते. डॅडी पुसतो पण."

अप्पा माझ्याकडे बघायला लागले. 'तो फोटो तुमचा नाही,' एवढंच म्हणायचं होतं. मी उलगडलेल्या साडीची घडी घालत बसले.

परतताना आम्ही रिक्षा केली. वाटेत अप्पा म्हणाले, "मी त्याला उंबरा ओलांडू दिला न्हाय, अन् तो माझा फोटो पुसतो व्हय?" थोड्या वेळाने, "हार तर घातला नाही ना?"

"नाही."

"नाव काय म्हणालीस त्याचं?"

"कोफी. शुक्रवारी जन्मला म्हणून. त्यांच्यात वारावरून नाव ठेवतात."

"शुक्रवारचा? मग आपल्या पेठेतलाच की." ते चक्क हसले. "पुढच्या वेळी घेऊन ये त्याला."

मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, आनंदाचं आहे.

फोनवर सांगितलं तेव्हा कोफी आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "फोटो काढून आण त्यांचा. आपल्या भिंतीवर ते नव्हते, हेच खरं तर चुकलं." माझ्या जिव्हारी लागलं. सोलापूरच्या आठवणीने उसासे टाकणारी मी, आणि रागापोटी बापाला एक खिळाही दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर मी मोबाइल पुढे केला. अप्पांनी पंचा सारखा केला. "आता आणि कशाला? एक आहे की."

"जुना झालाय," मी म्हणाले. एक खोटं झाकायला दुसरं.

आता हॉलमध्ये दोन फोटो आहेत. अप्पा हल्ली व्हिडिओवर येतात. मागच्या रविवारी त्यांनी हौसेने विचारलं, "रेवा, माझा फोटो पुसला का गं?" मी काही म्हणायच्या आत कोफीने फोन भिंतीकडे वळवला. उन्हाने फिकटलेली जुनी चौकट आणि शेजारी कोरी करकरीत नवी.

"ते कोण?" अप्पांचा आवाज.

"माझे अप्पा," कोफी त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला.

पलीकडून आईच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. माझ्या हातात पुसायचं फडकं होतं आणि मान वर करायची हिंमत नव्हती.

"रेवा," अप्पा म्हणाले, "आधी त्यांचा फोटो पूस. मग माझा. ते आधी आलेत तिथं."

मला त्यांनी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. डिसेंबरची तिकिटं काढली आहेत, तीन. आई म्हणते, अप्पा दाराला रंग देऊन घेतायत. घर कुठलं असं आता कुणी विचारलं, तर मला आधी ते दार आठवतं आणि मग ही भिंत. दोन्हीकडे मला माफ करून टाकलंय, आणि मी अजून माफीही मागितलेली नाही.