महिपतरावाचा हात

ग्वाल्हेरात पडावावर उतरून कुणालाही विचारा, "हाथवाले मराठा साहब कहाँ बैठते हैं?" तो हातातला समोसा खाली ठेवून तुम्हाला रस्ता दाखवील. ही ख्याती पसरवण्यातलं निम्मं पाप माझं आहे, हे आधीच कबूल करतो. मी माधवराव. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत फायली सरकवल्या आणि आता रोज सकाळी माधवगंजातून चालत निघून महिपतच्या दुकानात येऊन बसतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, बसायला नाही, असं आमच्या घरातून वारंवार सांगण्यात येतं. पण महिपत आणि मी एका बाकावरचे. त्याच्याकडे जायचं नाही तर जायचं कुठे?

महिपतराव सुर्वे. वय सहासष्ट, मिशी पांढरी, आवाज पहाडी. पंचेचाळीस वर्षं तो ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करतोय. गळती शोधायची, जाळी साफ करायची, डाख द्यायचा, हे काम पडावावर आणखी तिघं करतात. पण गाडी का तापते ते नुसता हात लावून सांगावं ते महिपतनेच. वरच्या पाइपाला हात, खालच्या पाइपाला हात, मग डोळे मिटून क्षणभर उभा राहणार आणि निकाल देणार, "खालून चोक आहे." उघडून बघावं तर खालूनच चोक असायचं. पंजाबचे ड्रायव्हर तोंडात बोटं घालायचे.

त्याच्या मते ही विद्या रक्तातली. त्याचे पणजोबा पागेवर होते, आणि घोड्याच्या कानाला हात लावून ते ताप सांगत, अशी त्यांच्या घरात गोष्ट आहे. ही गोष्ट मी आजवर दोनशे वेळा तरी ऐकली असेल आणि चारशे लोकांना सांगितली असेल. कुणी मीटर वापरायचा सल्ला दिला की महिपत मिशीतल्या मिशीत हसायचा. "मीटर बॅटरीवर चालतं, माधवा. हात रक्तावर चालतो." असं वाक्य त्याने टाकलं की मीही मान डोलवायचो. मूर्खपणा एकट्याने होत नाही, त्याला मान डोलवणारा लागतोच.

मे महिन्यातली गोष्ट. पारा शेहेचाळिसावर. दुकानाच्या शटरला हात लावायचा तर आधी फडकं शोधावं लागे. अशात यशश्री फाळके तिचा पिकअप ट्रक घेऊन आली. मुलगी आमच्याच माधवगंजातली, तिशीची. पाच वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघातात तिचा डावा गुडघा गेला, तो आता वाकत नाही. क्लच दाबणं तिला जमत नाही, म्हणून तिने शोधून शोधून ऑटोमॅटिक गिअरची जुनी गाडी दिल्लीहून आणली होती. अशा गाडीला क्लच नाही, गिअर आपले आपण बदलतात. त्या गाडीत ती ग्वाल्हेरी दगडाच्या कोरीव जाळ्या भरून शिवपुरीपर्यंत पोचवते. दगड चढवाय-उतरवायला माणसं असतात, चालवते ती स्वतः.

"काका, शिवपुरीच्या रस्त्यावर मोहना के पहले चढाई आहे ना, तिथे रोज बत्ती लागते," ती म्हणाली. "गिअरबॉक्स की. मग गाडी ओढतच नाही. मी तासभर धूप में उभी राहते, ठंडी झाली की पुढे जाते."

"आणि उत्कर्ष काय म्हणतो?" मी विचारलं. उत्कर्ष तिचा भाऊ. गाडी कागदावर त्याच्या नावाने होती.

"म्हणतो, एक बार और रस्त्यात बंद पडली तर विकून टाकणार. घरी बस म्हणतो." ती हसत म्हणाली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "काका, दुसरी गाडी मला चालवताच येणार नाही. ही गेली तर मैं गई."

महिपतने तिला नीट समजावून सांगितलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल फार तापतं. ते एका पाइपातून निघतं, रेडिएटरच्या पोटातून फिरून थोडं निवतं आणि दुसऱ्या पाइपाने परत जातं. थंड मुलखात एवढं पुरतं. आपल्याकडे उन्हाळ्यात रेडिएटरचं पाणीच उकळायच्या बेतात असतं, ते तेलाला काय निववणार? म्हणून तेलासाठी वेगळा छोटा कूलर पुढे वाऱ्याच्या तोंडावर बसवायचा. "पण बसवायचा परतीच्या पाइपावर," त्याने बोट वर केलं. "तेल आधी रेडिएटरमधून जाईल, मग कूलरमधून, मग घरी. उलटं केलं तर आंघोळ करून चुलीपाशी बसल्यासारखं होईल."

"परतीचा पाइप कोणता, कैसे पता चलेगा?"

"गिअरबॉक्समधून निघतो तो जास्त गरम. परततो तो कमी." आणि त्याने हात पुढे केला.

गाडी नुकतीच धावून आलेली. त्याने वरचा पाइप धरला, सोडला. खालचा धरला, सोडला. डोळे मिटले. या वेळी जरा जास्तच वेळ मिटले, असं आता वाटतं. मी गंमत म्हणून म्हटलं, "महिपत, आमच्या घरी ती कोरोनातली कपाळाची बंदूक पडून आहे, आणू का?" तो म्हणाला, "ती कपाळाची, पाइपाची नाही." आणि मग, "खालचा गरम. कूलर वरच्यावर."

कूलर बसेपर्यंत दुपार झाली. चहा आला. काचेचे ग्लास, चहा उकळता. मी आणि यशश्रीने ग्लास बाकावर ठेवून दिले, कारण धरवेनात. महिपतने आपला ग्लास अख्ख्या मुठीत धरला आणि घोट घोट प्यायला लागला. "शाबास रे मराठ्या!" मी म्हटलं. अजून ते शब्द आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला ट्रक पुन्हा दुकानापुढे. या वेळी शेजारच्या सीटवर उत्कर्ष बसलेला. जाळ्या घेऊन निघालेली गाडी शहराबाहेर बारा मैलांवरच तापली, आणि तेही लहानशा चढाला. उत्कर्ष वाईट मुलगा नाही. बहीण भर उन्हात रस्त्यावर उभी राहते हे त्याला सहन होत नाही, एवढंच. पण काळजी करणाऱ्या माणसाचा आवाज फार लवकर चढतो.

"काका, आता बस," तो म्हणाला. "गिअरबॉक्सच खराब आहे. इसमें दम नहीं है. पडावावरच एक जण घ्यायला तयार आहे, आजच देऊन टाकतो."

यशश्री महिपतकडे बघत होती, डॉक्टर बाहेर आल्यावर नातेवाईक बघतात तशी.

महिपत बॉनेटखाली वाकला. तेल पाहिलं, क्लिपा पाहिल्या. कूलरच्या जाळीत काही अडकलंय का पाहिलं. सगळं जागेवर. "तेल जुनं असेल," तो पुटपुटला. मी त्याला इतक्या वर्षांत पुटपुटताना पाहिला नव्हता. शेजारचे टायरवाले, पानवाला, दोन ड्रायव्हर, सगळे गोळा झाले होते. मराठा साहेब निकाल काय देतात ते ऐकायला आपल्याकडे गर्दी जमते.

तेवढ्यात यशश्री काठी टेकत पुढे आली आणि तिने सरळ वरच्या पाइपाला बोट लावलं. "आई गं!" म्हणून हात झटकला. मग खालच्याला लावलं, धरून ठेवलं. "काका," ती म्हणाली, "वरचा तर जळतोय. खालचा बरा आहे. तुम्हीच सांगितलं ना, गरम वाला निघतो म्हणून? मग कूलर तर निघणाऱ्यावर लागलाय."

तिने अगदी भोळेपणाने विचारलं होतं. पण तिचं खरं होतं. आंघोळ आधी आणि चूल नंतर. गाडीत काडीचाही दोष नव्हता. पंचेचाळीस वर्षं न चुकलेला हात चुकला होता.

मित्र म्हणून मी लगेच खोटं बोलायला पुढे झालो. "अरे, या गाडीत कंपनीनेच पाइप उलटे दिलेले दिसतायत! महिपतला काय स्वप्न पडणार?" उत्कर्षला तेवढंच हवं होतं. "बघा! मी सांगतो ना, गाडीच गडबड आहे."

बस, महिपतने गप्प राहायचं होतं. गाडी विकली गेली असती, हाताचं नाव राहिलं असतं, आणि कुणाला कधी कळलंही नसतं. पण त्याने कमरेचं फडकं काढलं, हात पुसले आणि दोन्ही तळवे उत्कर्षपुढे धरले.

"गाडी चांगली आहे, बाळ," तो म्हणाला. "ही विकू नकोस. चूक माझी आहे. मला हाताला काही लागतच नाही. गरम नाही, गार नाही. त्या दिवशी मी अंदाजाने सांगितलं." मग गर्दीकडे वळून, सगळ्यांना समजावं म्हणून हिंदीत, त्याच पहाडी आवाजात, "हाथ गया हमारा, भाई. साल भर होने आया, अंदाज से काम चल रहा था. शक्कर की बीमारी ले गई."

पानवाल्याने मान खाली घातली. माझ्या डोळ्यांपुढे तो मुठीत धरलेला चहाचा ग्लास आला.

गर्दी पांगली. कुणी हसलं नाही, पडावावर हे विशेषच. यशश्री स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "काका, मग कुणाला सांगितलं का नाही?"

महिपतने फडक्याची घडी घातली. "भाद्रपदात तुझ्या शांताकाकूला बरं वाटत नव्हतं," तो म्हणाला. "गौरी घरात बसलेल्या. मला म्हणाली, बघा हो, अंगात कसकस आहे का. मी कपाळाला हात लावला. गार. म्हटलं, काही नाही, दमलीस. तिने ऐकलं. दोन दिवस सवाष्णींचा स्वयंपाक केला आणि गौरींपुढेच पडली. दवाखान्यात नेलं तर एकशे चार ताप. टायफॉइड." त्याने घडी पुन्हा उलगडली. "सगळं शहर माझ्या हाताला मानतं. ती तर चाळीस वर्षं मानत आलेली. तिला काय सांगणार?"

हा हात मोठा केला कुणी? त्याने एकट्याने नव्हे.

मग महिपत उठला. "चल गं पोरी, ये इकडे. हात मी चालवतो, लागणं-भाजणं तू सांग." आणि त्या दुपारी दोघांनी मिळून कूलर काढून पुन्हा बसवला. तो पाने फिरवायचा, ती पाइपांना बोटं लावून सांगायची, "हा जास्त", "हा कमी", "काका, रुको, पहले वाला फिर से बघते." तो म्हणायचा, "डोळे मिट. डोळ्यांनी हात फसतो." पणजोबांची विद्या इतक्या वर्षांत त्याने कुणाला शिकवली नव्हती. उत्कर्ष बाजूला उभा राहून टॉर्च धरत होता. त्याने विकण्याची भाषा पुन्हा काढली नाही.

दुसऱ्या दिवशी ती भरल्या गाडीनिशी ऐन दुपारी निघाली, मुद्दामच. महिपत आणि मी फोन मधे ठेवून बसलो होतो. दोनच्या सुमारास वाजला. "काका! मोहना पार! बत्ती नाही लागली! सुनिए ना, लागलीच नाही!" महिपतने फोन माझ्याकडे दिला आणि शटरकडे तोंड करून उभा राहिला. मी तिला म्हटलं, ऐकतायत काका, जरा कामात आहेत.

संध्याकाळी निघताना तो म्हणाला, "माधवा, ती कपाळाची बंदूक आहे ना रे अजून तुझ्याकडे?"

ती घेऊन मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. शांताताई कैरी किसत बसल्या होत्या. महिपत सरळ त्यांच्यापुढे गेला आणि ते यंत्र त्यांच्या कपाळाशी धरलं.

"अहो, हे काय? मी काय रेडिएटर आहे? मला काही झालेलं नाही."

"असू दे. बघू दे." त्याने चष्मा लावून आकडा दोनदा वाचला. मग खालीच बसला, त्यांच्या समोर. "शांता, भाद्रपदात मी तुला गार म्हटलं. मला कळलंच नव्हतं. मला काहीच कळत नाही हाताला."

शांताताईंनी किसणी बाजूला ठेवली. "मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "दिवाळीत चुलीवरचा तवा हाताने उचललात, तेव्हाच कळलं. म्हटलं, तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल."

त्याने नेहमीच्या सवयीने तळहात त्यांच्या कपाळावर ठेवला, आणि ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता त्याचा उपयोग नाही. तो काढून घेणार, तोच शांताताईंनी तो आपल्या हाताने तिथेच दाबून धरला.

"मला तर लागतो," त्या म्हणाल्या. "गरम आहे."