झिनाचं शनिवारचं मौन

काराकोल शहरातल्या लाकडी चर्चमध्ये रविवारी वेदीवर ठेवायच्या भाकरी वीस वर्षं झिनाइदाच करत होती. शनिवारी सकाळी दार-खिडक्या लावायच्या, मेणबत्ती पेटवायची आणि कणीक मळायला घ्यायची. भाकरीवर क्रुसाचा ठसा उमटून ती भट्टीत जाईपर्यंत कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. ओठांवर फक्त एकच प्रार्थना, ‘प्रभू येशू, मज पापिणीवर दया कर.’ बाकीचा आठवडा कोंबड्या, बटाटे आणि दुखऱ्या गुडघ्यांत जायचा. देव आपल्याला भेटतो तो या दोन तासांतच, अशी तिची पक्की समजूत होती.

त्या शनिवारी कुंपणापलीकडून बुरुलकानची हाक आली. “झिना! अगं ए झिना!” शेजार चाळीस वर्षांचा, आणि बाई तोंडाळ. हिला बरण्यांची झाकणं हवी असतील, नाहीतर सुनेच्या चुगल्या सांगायच्या असतील, असं मनात म्हणून झिनानं कणकेला आणखी दोन बुक्के हाणले. हाका आणखी तीन-चारदा आल्या, मग थांबल्या.

भाकरी भट्टीत सरकवून ती बाहेर आली, तर पलीकडच्या अंगणात बुरुलकानचा नवरा जुमाबेक कमरेपर्यंत भिजून खाटेवर पडलेला. म्हातारा पाण्याच्या पाटात घसरला होता. बुरुलकानला एकटीला तो उचलेना. शेवटी रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं त्याला ओढून काढलं. अर्धा तास तो बर्फाच्या पाण्यात होता.

 झिना तशीच पाद्रीबाबांकडे गेली. “बाबा, पुढच्या शनिवारपासून दुसरी कुणी बघा. मी देवाशी बोलत बसले आणि तिकडे माणूस पाण्यात पडला होता. हे हात आता वेदीच्या कामाचे राहिले नाहीत.”

पाद्रीबाबांनी दाढी खाजवली. “हे मला सांगून काय उपयोग? ज्यांचा अपराध केलास त्यांच्याकडे जा आधी.”

त्या पाच मिनिटांच्या वाटेवर तिचे पाय दहादा अडखळले. शेजार तुटला तर एवढ्या मोठ्या जगात तिला होतं कोण? बुरुलकान अंगणात नवऱ्याचे बूट वाळत घालत होती.

“बुरुलकान, मी हाका ऐकल्या होत्या,” झिना कशीबशी म्हणाली. “सगळ्या ऐकल्या.”

“माहितेय मला. शनिवार आहे ना. मी नमाजाला असते तेव्हा तू कुंपणावर उभी राहून बोंब मारतेस, मी देते कधी ओ?”

“पण जुमाबेक मेला असता तर?”

“तर तुझ्या झिंज्या उपटल्या असत्या. पाय मुरगळलाय नुसता, डॉक्टर बघून गेला. आता डोळे पूस.” बुरुलकाननं बूट आपटून पाणी झाडलं. “आणि तुमच्यात तोंड बंद ठेवायचं असतं ना? पाय तर नाही ना बंद ठेवायचे? पुढच्या वेळी बोलू नकोस. नुसती ये.”

झिनाच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती तिथेच पायरीवर बसून रडली.

पुढच्या शनिवारी तिनं खिडकी सताड उघडी ठेवून कणीक मळायला घेतली. तास झाला नसेल तोच हाक आली. झिना कणकेच्या हातांनीच धावली. जुमाबेकच्या खाटेवर ऊन आलं होतं, त्याला सावलीत न्यायचं होतं. एका बगलेत बुरुलकान, दुसऱ्या बगलेत झिना. म्हाताऱ्याच्या कोटाला कणीक लागली. झिना बोलली नाही, पण ओठ पुटपुटतच होते. घरात सुरू केलेली प्रार्थना अंगणात आली तरी तुटली नव्हती. हे लक्षात आलं तसं तिला भरून आलं.

“ऐकलंस?” जुमाबेक बायकोला म्हणाला. “मला उचलताना ही देवाकडे दया मागतेय. एवढा जड झालोय का मी?”

“मग चाळीस वर्षं मी दुसरं काय मागतेय?” बुरुलकान धापा टाकत म्हणाली.

वीस वर्षांत पहिल्यांदाच, भाकरी भट्टीत जायच्या आधी, झिना खो खो हसली. आणि काही चुकल्यासारखं तिला जराही वाटलं नाही.