घाईत मऊ केलेला हाडाचा तुकडा

दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका छोट्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होते आणि माझ्या हातचं काम कधी बिघडत नाही असा मला तोरा होता.

विठ्ठलवाडी डेपोतले एक मेकॅनिक काका तापाने झिजत चालले होते. लिम्फोमाचा, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरचा संशय होता. आमच्या डॉक्टरांनी त्यांच्या कंबरेच्या हाडात जाड सुई घालून मज्जेसकट एक तुकडा काढला. काका हूं की चूं न करता रडले.

असा तुकडा कापण्याआधी मऊ करावा लागतो. सौम्य द्रावणात काही दिवस लागतात, कडक ॲसिडात काही तास, पण त्यात पेशी खराब व्हायची भीती असते. काकू सकाळ-संध्याकाळ दारात उभ्या. “ताई, जरा लवकर बघा ना. अंगात काय उरलंच नाय ओ त्यांच्या.” मला राहवेना. मी ॲसिड ओतलं.

तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचपट्ट्या मुंबईला गेल्या. पेशींमध्ये विषाणू शिरलाय का, हे रंगाने दाखवणारी तपासणी तिथे व्हायची आणि त्यावर आजाराचं नेमकं नाव ठरायचं. चार दिवसांनी फोन आला. विषाणूचा रंग उमटला नव्हता. पण कुठल्याही पेशीत उमटायलाच हवा असा दुसरा रंगही उमटला नव्हता. ॲसिडाने पेशींतली खूणच पुसली होती. विषाणू आहे की नाही, सांगताच येत नव्हतं.

डॉक्टर ओरडले नाहीत, म्हणून मला स्वतःचाच जास्त राग आला. मी काकांच्या चाळीत गेले.

“चूक माझी आहे, काका. पुन्हा सुई टोचावी लागेल.”

काकू म्हणाल्या, “घाई मीच लावली ना?”

“ॲसिड मी ओतलं, काकू.”

काकांनी कंबरेवर हात ठेवला. मग म्हणाले, “या टायमाला दुसऱ्या बाजूने घ्या. इकडे अजून ठणकतंय.”

दुसरा तुकडा मी सौम्य द्रावणात ठेवला. काकू रोज येऊन बाकावर बसायच्या, पण ‘लवकर’ हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. ते मला फार लागलं.

या खेपेला विषाणू असलेल्या पेशी स्पष्ट दिसल्या. निदान पक्कं झालं, औषध ठरलं. रिपोर्ट हातात घेऊन काकूंनी विचारलं, “ताई, मधले दिवस फुकट नाय ना गेले?”

खोटं अगदी ओठांवर आलं होतं.

“गेले, काकू,” मी म्हणाले.

त्यांनी माझा हात धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही.