धुळाप्पाची वेल

धुळाप्पा पेंटरचं अक्षर कधी सरळ उभं राहिलं नाही. निजामाची राजवट गेली, कळंबच्या बाजारातल्या उर्दू पाट्या उतरल्या आणि मराठी पाट्या रंगवायचं काम त्याच्याकडं आलं. किराणा दुकानाच्या 'क'ला त्यानं शेपूट काढली, शिंप्याच्या 'श'ला कात्री लावली. मी शाळामास्तर, माझं डोकं फिरायचं. "अरे, पोरं हेच गिरवतात की!" तो हसायचा. "मास्तर, तुमची अक्षरं कवायत करत्यात, माजी जत्रंला निघाल्यात."

लग्नघरच्या भिंतीवर नवरानवरीची नावं लिहावीत तर त्यानंच. ती लिहायची पाण्यात तांबडी काव कालवून, म्हणजे पावसाळ्यात धुऊन जातात. नावाला लागलेली पाहुण्यांची नजरही त्यासोबत जाते, असं आमच्याकडं मानतात. पण स्वतःच्या एकुलत्या लेकीच्या, अयोध्येच्या लग्नात, छप्पन्न साली, या गड्यानं तेलाचा रंग काढला. बायको इरम्मा म्हणाली, "अवो, नगा. नजर ऱ्हाती."

"माज्या लेकीचं नाव पावसानं पुसायचं व्हय?"

जावई बेंबळीचा, महारुद्र. 'अयोध्या'च्या शेवटच्या कान्यातून धुळाप्पानं एक वेल काढली, ती थेट 'महारुद्र'च्या 'म'ला नेऊन गुंडाळली. मला लई आवडली.

चौदा महिन्यांनी अयोध्या बाळंतपणात गेली. मूलही गेलं.

भिंतीवरचं नाव मात्र काल लिहिल्यासारखं. दिवाळीला चुना दिला, तरी महिन्याभरात खालून वेल दिसायला लागली. इरम्मा रोज सकाळी त्या नावाला हात लावायची. धुळाप्पा मान खाली घालून घराबाहेर पडायचा.

"म्याच मारलं तिला, मास्तर."

मी चिडलो. "अरे येड्या, रंगानं माणूस मरतं का? दवाखाना लांब, बैलगाडी वेळेत पोचली नाही." ऐकेल तर शपथ! लग्नाच्या भिंती त्यानं सोडल्या. पाट्या रंगवायचा, पण सरळ, माझ्या अक्षरासारख्या. खरं सांगतो, त्या मला बघवत नव्हत्या.

तीन वर्षांनी शेजारच्या गावचे एक गृहस्थ लेकीच्या लग्नाची भिंत लिहा म्हणून आले. त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. नावांची चिठ्ठी ठेवून गेले. नवरदेव महारुद्र, बेंबळी.

"जाऊ नकोस," मी म्हणालो. "बघतील दुसरा पेंटर."

त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात घातली. मग उठला, तेलाच्या रंगाचे डबे तसेच ठेवले आणि काव तेवढी फडक्यात बांधून घेतली. एकट्याला कसं सोडायचं, म्हणून मीही गेलो.

दिवसभर तो लिहीत होता. अक्षरं पुन्हा नाचायला लागली. नव्या नवरीच्या नावातून तीच वेल निघाली आणि त्याच 'म'ला जाऊन वेढली. ती पोर दारात उभी राहून कौतुकानं बघत होती. धुळाप्पा भिंतीकडं तोंड करून बाहीनं डोळे पुसत होता.

परतताना एस.टी.त तो एवढंच बोलला.

"मास्तर, यंदा पाऊस लई पडू दे. त्या पोरीची भिंत सगळी धुऊन निघू दे."