लामचियक मावशीची गोचीडवही

कुत्र्याचा कान दिसला की तो उलटा करून पाहिल्याशिवाय लामचियक मावशीला राहवत नसे. पाकचोंगहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सीताफळाच्या बागा संपतात तिथे, तिच्या भाच्याचा, म्हणजे मानोपचा, तंबू ठोकायचा माळ होता. शनिवारी सकाळपासून बँकॉकच्या गाड्या यायला लागत. गाडीत दोन माणसं, एक तंबू, बर्फाची पेटी आणि मागच्या खिडकीतून जीभ लोंबवणारं एक कुत्रं. फाटकाशी मावशी स्टुलावर बसलेली, हातात चिमटा, मांडीवर पांढरा पंचा.

"अहो मावशी, आमच्या मोचीला काही नाहीये. ती एसीत झोपते."

"गोचिडीलाही एसी चालतो, बाई. आण इकडे."

आणि मग मोची असो नाहीतर कोणी राजकुमार, त्याची झडती व्हायचीच. आधी दोन्ही कान, मग पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेवटी शेपटीच्या मुळाशी. पिसवांसाठी उवांची फणी होती. फणीतून पडलेली काळी भुकटी ती ओल्या कागदावर टाकायची. लाल डाग उमटला की म्हणायची, "हे बघ, ही पिसवांची घाण. तुझ्या मोचीचंच रक्त आहे हे." मोचीची मालकीण एसीचं नाव पुन्हा काढत नसे.

मावशीने चौतीस वर्षं बाजारात केस कापले होते. सीताफळाच्या बिया वाटून निम्म्या गावाच्या उवा तिने घालवल्या, त्याही नुसत्या घालवल्या नाहीत, आरशाच्या तुकड्यावर चालवून पाहिल्या. लहानपणी तिने वारूळ उकरलं होतं, लग्नानंतर नवऱ्याचा रेडिओ उघडला होता आणि एकदा शेजारणीचा कृत्रिम दात ती झोपली असताना हातात घेऊन नीट पाहिला होता. नवरा गेल्यावर, गुडघे दुखायला लागल्यावर, ती मानोपच्या माळावर राहायला आली. सोबत एकच माणूस आणलं, ते म्हणजे खनुन. खनुन म्हणजे फणस. तांबूस, खरबरीत, नऊ वर्षांचा गावठी कुत्रा.

जूनमध्ये खनुन जेवेनासा झाला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं. गुरांच्या दवाखान्यातली डॉक्टर अंग्सना म्हणाली, गोचिडीतून रक्तात किडा शिरलाय. महिनाभर गोळ्या चालल्या, तेव्हा कुठे तो उठून उभा राहिला. त्याच महिन्यात तीन पाहुण्यांनी फोनवर लिहून टाकलं की या माळावर जाऊ नका, आमचं कुत्रं इथून गोचिडी घेऊन आलं.

मानोप तसा शांत माणूस. पण त्याने माळात सगळी पुंजी घातली होती.

"मावशी, भंतेंचा वर्षावास संपेपर्यंत बघतो. आश्विनी पौर्णिमेला थंडीचे पाहुणे सुरू होतात. त्या दिवशी आलेलं एक जरी कुत्रं इथून गोचीड घेऊन गेलं ना, तर कुत्री बंद. सगळी."

"खनुन?"

"विहारात सोडू. तिथं वीसेक आहेतच. भंते जेवायला घालतात."

 विहारातली कुत्री मावशीने पाहिली होती. अंगावर केस कमी आणि खरूज जास्त. एवढं आजारपण काढलेला म्हातारा कुत्रा तिथे एक पावसाळाही काढणार नाही, हे तिला कळत होतं आणि मानोपलाही कळत होतं. म्हणून तर तो बोलताना खनुनकडे बघत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून फाटकातली झडती सुरू झाली आणि तिच्याबरोबर वही. शाळेची, रेघांची, मुखपृष्ठावर हत्ती असलेली. कुत्र्याचं नाव, गोचीड कुठे सापडली, केवढी, काढून कुठे टाकली. डॉक्टर अंग्सनाने तिला शिकवलं की बोटाने चिरडायची नाही, तेल ओतायचं नाही, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची. सीताफळाच्या पाल्याचं पाणी मावशीने एकदा खनुनच्या डोक्याला लावून पाहिलं, तर त्याचा डोळा दोन दिवस बंद झाला. डॉक्टर तिच्यावर जी काही उखडली!

"उवांचं औषध कुत्र्याला? मावशी, केस कापा तुम्ही! महिन्याची गोळी मिळते, सहलीच्या आधी द्या म्हणावं पाहुण्यांना."

मावशीने ते फाटकावर मोठ्या अक्षरात लिहून लावलं. काढलेली गोचीड साबण आणि स्पिरिटच्या बाटलीत जायची. रोजचा शिरस्ता हाच. फक्त उपोसथाच्या दिवशी, महिन्यातून चारदा, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बुद्धाचं छोटं चित्र असतं त्या दिवशी, मावशी जीव घेत नसे. त्या दिवसापुरतं पंचशील घेतलेली बाई. त्या दिवशीच्या गोचिडी ती करवंटीत ठेवायची आणि माळाच्या कोपऱ्यात, चिंचेखाली, राखणदाराचं खांबावरचं देऊळ होतं तिथे सावलीत हलकेच उपडी करायची. "जा बायांनो, सुखानं राहा," म्हणायची. जमिनीच्या राखणदाराने आपली दया पाहावी असं तिला वाटे. वहीत त्या दिवशी 'सोडली' असं लिहायची. माळावर आल्यापासूनची ही सवय होती, वही तेवढी नवी.

ऑगस्टअखेर वहीने तिला कोड्यात टाकलं. शनिवारी झडतीत स्वच्छ निघालेली कुत्री रविवारी जाताना ती पुन्हा तपासायची, तर सातातल्या तिघांच्या कानांत बारीक, तिळाएवढ्या गोचिडी. म्हणजे बँकॉकवाल्यांनी आणल्या नव्हत्या. त्या इथल्याच होत्या.

"मग कुठं बसल्यात त्या?" मावशी खनुनला विचारायची. खनुन कान हलवायचा.

कुतूहल एकदा चढलं की मावशीला भूक लागत नसे. रक्त पिऊन टम्म झालेली, एरंडीच्या बीएवढी एक गोचीड तिने कॉफीच्या बरणीत ठेवली आणि तोंडाला फडकं बांधलं. रोज सकाळी चष्मा चढवून पाहायची. पाच दिवस काहीच नाही. सहाव्या दिवशी गोचिडीच्या पुढ्यात तांबूस दाण्यांची ओळ. मग ढीग. मग ढिगाने आईच झाकली गेली. मावशीने टाचणीने मोजायला घेतलं. तीनशेवर गेल्यावर डोळे पाणावले, तरी ढीग जेमतेम उकरला गेला होता.

"मानोप, ये बघ! एकटी बाई, आणि एवढी पोरं!"

"मावशी, मी जेवतोय."

"अरे, डॉक्टर म्हणते तीन-चार हजार!"

"मी जेवतोय ना!"

तीन आठवड्यांनी दाणे चालायला लागले तेव्हा मावशीने बरणी उकळत्या पाण्यात बुडवली. त्याआधी दिनदर्शिका पाहून घेतली. उपोसथ नव्हता.

मग डॉक्टरने सांगितलं त्याप्रमाणे तिने पांढरी चादर घेतली. माळावर चादर अंथरायची आणि तिच्यावर बसून राहायचं. गोचिडीला श्वासाचा वास येतो, ती चालत येते. पाहुण्यांना वाटे, म्हातारी ध्यानाला बसलीय. दोघी-तिघींनी लांबून हात जोडले. मावशीने तंबूच्या जागा पाहिल्या, नळ पाहिला, चुलींचा कट्टा, बांबूचे बाक. पंधरा दिवसांत चादरीवर चार मुंग्या आणि एक सुरवंट.

एकच कोपरा राहिला होता. राखणदाराच्या पायथ्याशी चादर टाकून बसायचं तिच्या मनातच आलं नव्हतं. तिथे उदबत्ती लावतात, लाल सरबताची बाटली ठेवतात, उकडलेली अंडी ठेवतात. पाहुणेही ठेवतात, लॉटरी लागावी म्हणून. आणि अंड्याच्या वासाने...

मावशी स्टुलावरून उठली. माळावरचं प्रत्येक कुत्रं सुटलं की आधी कुठे धावतं, हे तिने किती शनिवार पाहिलं होतं! चिंचेखाली. देवळाच्या खांबाभोवती नाक घासत. खनुन तर दुपारभर तिथेच झोपायचा.

तिने हात जोडले, क्षमा मागितली, चादर अंथरली आणि बसली. पहिली गोचीड यायला चिलीम ओढण्याएवढाही वेळ लागला नाही. मग दुसरी. मग चादरीच्या कडेने तीळ सांडावेत तशा त्या आल्या, सगळ्या तिच्याच रोखाने. मावशीने खांबाच्या फटीत चिमटा घातला. आत गोचिडींच्या अंड्यांच्या सुकलेल्या टरफलांचा थर होता. आणि खांबाला टेकून पडली होती तिचीच करवंटी.

 तिने घरात जाऊन वही आणली. 'सोडली, सोडली, सोडली.' दोन आषाढात, एक श्रावणात, सगळ्या टम्म, सगळ्या एरंडीच्या बीएवढ्या. वहीत तीनच होत्या. वहीच्या आधीच्या दोन वर्षांतल्या कोणी लिहिल्या होत्या? खनुन येऊन तिच्या पायाशी लवंडला, तेव्हा मावशीला रडू फुटलं. त्याच्या मानेत तोंड खुपसून ती हमसून रडली. जूनपासून ती मोचीला आणि मोचीच्या मालकिणीला शिव्या घालत होती.

ती विहारात गेली. थोरले भंते अंगण झाडत होते. तिने सगळं सांगितलं, करवंटीसकट.

"म्हणजे मी दया केली ती चुकीची का, भंते?"

भंते झाडता झाडता थांबले. "लामचियक, माझ्या खुर्चीचे खिळेसुद्धा मोजून पाहिलेस तू. सोडलेली गोचीड पुढं कुठं गेली, ते बघायला गेली होतीस?"

 तिने खरोखरच कधी पाहिलं नव्हतं. करवंटी उपडी केली की तिला बरं वाटे, आणि बरं वाटलं की ती पाठ फिरवून निघून येई.

मानोपला सांगणं त्याहून अवघड गेलं. तो ट्रकखाली पडून काहीतरी घट्ट करत होता.

"गोचिडी मीच आणल्या माळावर."

ट्रकखालचा पाना थांबला. तो बाहेर आला आणि तिने सगळं सांगून संपवेपर्यंत हात पुसत राहिला.

"म्हणजे खनुन आजारी पडला तो..."

"माझ्यामुळं."

मानोपने दोन दिवस तिच्याशी नीट बोलणं टाळलं. पण त्याच दोन दिवसांत राखणदाराला रीतसर विचारून, उदबत्त्या लावून, त्याने खांबाच्या फटी सिमेंटने बुजवल्या, चिंचेखालचा पाचोळा जाळला, उकळतं पाणी ओतलं, अंड्यांची फळी कुत्र्याच्या नाकाला पोचणार नाही एवढी वर नेली. अट मात्र तीच ठेवली. ट्रकमध्ये नवी दोरी आणून टाकली, खनुनला न्यायला. मावशीने ती पाहिली.

आश्विनी पौर्णिमा शनिवारी आली. वर्षावास संपला, सकाळी विहारात भिक्षा घालून मावशी फाटकात येऊन बसली. दिनदर्शिकेवर बुद्धाचं चित्र होतं. बारा कुत्री आली. अकरा स्वच्छ. बारावं म्हणजे एक मोठं केसाळ पांढरं धूड. त्याचा उजवा कान उलटा करताच आत ती दिसली. राखाडी, टम्म, चकचकीत.

मानोप मागेच उभा होता.

"मावशी, दे इकडे चिमटा. आज तू नको. मी टाकतो बाटलीत."

"म्हणजे पाप तुझ्याकडं?"

"मला काय फरक पडतो! तुझा उपोसथ आहे."

मावशीने चिमटा घट्ट धरला. कातडीजवळ धरून सरळ ओढली. गोचीड चिमट्यात पाय हलवत होती. बाजूला करवंटी नव्हती, तिने ती स्वतःच जाळली होती. तिने बाटलीचं झाकण उघडलं, गोचीड आत सोडली आणि पाठ फिरवली नाही. चष्मा नाकावर सारून शेवटचा पाय थांबेपर्यंत पाहत राहिली. बराच वेळ लागला. मागे गाड्या खोळंबल्या, कुणीतरी भोंगा वाजवला.

"थांबा की जरा!" मानोप ओरडला.

मग तिने वही घेतली. केसाळ कुत्रा, नाव पुडिंग, उजवा कान, मोठी. पुढच्या रकान्यात लिहिलं, 'बाटलीत. लामचियकने.'

रविवारी जाणाऱ्या कुत्र्यांची झडती मानोपने स्वतः घेतली. मावशीवर सोडलं नाही, आणि तिला त्याचा राग आला नाही. ती ओट्यावर खनुनचा पट्टा धरून बसली होती. एकेक कुत्रं पालथं होत होतं, उलटं होत होतं. दहावं. अकरावं. पुडिंगला तर त्याने दोनदा तपासलं, बोटांच्या बेचक्या फाकवून. शेवटी तो उठला, ट्रकपाशी गेला, दोरी काढली आणि चुलीच्या कट्ट्यावरची ताडपत्री वाऱ्याने उडत होती ती त्या दोरीने बांधायला लागला.

"मावशी, गाठ धर जरा. की नुसती बघत बसणार?"

मावशीने गाठ धरली. दोन्ही हातांनी धरली.

गाड्या गेल्यावर ती चिंचेखाली गेली. खनुन मागे मागे आला. अंडं आणलं नव्हतं, उदबत्तीही नाही. तिने खांबासमोर हात जोडले.

"काल एक मारली," ती राखणदाराला म्हणाली. "उपोसथाला मारली. तुमच्याकडं सोडायला आणली नाही."

खनुनने वरच्या फळीचा वास घेतला, काही मिळत नाही असं पाहिलं आणि तो तिच्या पावलावर बसला. मावशी वाकली आणि सवयीने त्याचा कान उलटा करून पाहिला. आत काही नव्हतं.