माझ्या वरचं नाव

दरवर्षी जुलैत माझ्याकडे दोन-तीन मुलं तरी येतात. मी माजलगावात शाळेतल्या मुलांची नाटकं बसवते, त्यामुळे ज्यांना नाट्यशास्त्र शिकायला जायचंय त्यांना कुणीतरी माझ्याकडे पाठवतं. ऑडिशन झालेली असते, यादी लागलेली असते आणि नाव प्रतीक्षा यादीत अडकलेलं असतं. "मॅडम, वेटिंगला असताना काय करायचं?" असं ती विचारतात. मी सांगते, वेळेवर जेवत जा, झोपत जा, दर पाच मिनिटांनी फोन बघू नको. यातलं मी स्वतः काहीच केलं नव्हतं, हे मात्र त्यांना सांगत नाही.

बारावीनंतर मी विद्यापीठाच्या नाट्य विभागात ऑडिशन दिली, तेव्हा प्रतीक्षा यादीत माझं नाव पहिलं होतं. पहिलं म्हणजे सगळ्यात वाईट. सातवं असतं तर एकदाच रडून मोकळी झाले असते आणि मावशी म्हणत होती तसा डी.एड.चा फॉर्म भरून टाकला असता. पहिल्या नंबरावर ना धड रडता येतं ना धड हसता येतं. आमच्या गावात नेटवर्क पाण्याच्या टाकीखालीच येतं. मी दिवसातून दहा वेळा तिथं जाऊन उभी राहायची. टाकीशेजारचा गिरणीवाला म्हणायचा, "हुतंय की कनफर्म, रेल्वेचं बी हुतंय." मी त्याच्यावर खेकसायची. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात त्या पंधरा दिवसांत माझ्याशी बोलायला घरात कुणी धजत नव्हतं. आई भाकरी ताटात टाकायची आणि काही न विचारता चुलीकडे तोंड फिरवायची.

मी एक दिवसाआड विभागाच्या ऑफिसात फोन करायचे. तिथले क्लार्क वयस्कर होते आणि त्यांना माझा आवाज पाठ झाला होता. एका बुधवारी ते म्हणाले, "बाळ, सगळे आले, एक मुलगी तेवढी राहिली. तिचा फोन बंद लागतोय. शुक्रवारी पाचपर्यंत ती मूळ कागदपत्रं घेऊन आली नाही, तर जागा तुझी."

मी टाकीपासून घरापर्यंत पळत आले. आईनं देवापुढे साखर ठेवली. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दारात बसून खुरप्याची मूठ ठोकत होते. त्यांनी विचारलं, "कुठली हाय ती पोरगी?"

यादीत नावापुढे गाव होतं. गेवराईकडचं एक खेडं.

"मग तिला इचारावं लागंल," आबा म्हणाले.

हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते सांगायला हवं. आमचं शेत धरणाच्या कालव्यातून फुटणाऱ्या एका चारीच्या कडेला आहे. चारीचं पाणी वरून खाली, एकेकाच्या शेतात ठरलेल्या क्रमानं येतं. वरच्याचं भिजून झालं की खालच्याचा नंबर. वरच्याला पाणी नको असेल तर तो तसं सांगतो आणि मग खालचा घेतो. पण तो जागेवर नाही हे बघून खालच्यानं पाणी वळवलं, तर त्याला आमच्याकडे चोरीच म्हणतात. एकदा पाणी आलं तेव्हा आमच्या वरचा शेतकरी पुतणीच्या लग्नात होता. बांधावरून त्याचं नि आबांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. तरी आबांनी मला सायकलवर मांडवात पिटाळलं. तो फेट्यासकट आला, पाणी आपल्या उसात घेतलं आणि आबांकडे न बघता परत जेवायला गेला. आमच्यापर्यंत पाणी पोचेस्तोवर तिसरा दिवस उजाडला. आईनं त्या तीन दिवसांत आबांना काय काय ऐकवलं, ते मला अजून आठवतं.

"आबा, यादी म्हणजे चारी नव्हे," मी म्हणाले. "तिथं ऑफिस असतं, ते बघतात."

"ऑफिस बघू दे की. आपुन बी बघू."

मी गेले. आबांच्या चांगुलपणापायी नाही. मला वाटत होतं, ती 'मी येत नाही' म्हणेल आणि एकदा ते तिच्या तोंडून ऐकलं की माझी झोप परत येईल.

गुरुवारी सकाळी आम्ही मोटारसायकलवर निघालो. गढीच्या फाट्यावर चहा घेतला आणि दहाच्या सुमारास तिच्या गावात पोचलो. घरी तिची चुलती होती. ती म्हणाली, "ते बापलेक मेंढरं घेऊन माळावर गेलेत. पाऊस लागला की हितल्या काळ्या रानात मेंढरांचे खूर सडतेत. तिची आई थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला गेली. फोन? फोन हिरीत पडला की तिच्या बापाचा, महिना झाला."

म्हणजे ती नाही म्हणत नव्हती. यादीत आपलं नाव आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. खरं सांगते, मला आनंद झाला. इतका, की चुलतीनं दिलेलं पाणी माझ्या हातून अंगावर सांडलं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी म्हणाले, "चला आबा. विचारलं आपण."

"तिला कुठं इचारलं? चुलतीला इचारलं."

"आबा, तिला कळलंच नाही तर जागा माझी आहे."

"जागा तिची हाय. तिला ठावं न्हाई एवढंच."

"मग माझं काय?" मी भर रस्त्यात ओरडले. "तुमची लेक कोण आहे, ती का मी?"

आबांनी गाडीला किक मारली. ते काही बोलले असते तर मला भांडता आलं असतं. मी मागं बसले, पण त्यांचा खांदा धरला नाही. मुरमाच्या वाटेवर दोनदा पडता पडता वाचले, तरी धरला नाही.

माळावर पोचायला दुपार झाली. ती एका कोकराला काखोटीला मारून उभी होती. मी तिला लांबूनच ओळखलं. ऑडिशनला तिचा नंबर माझ्या लगेच आधी होता. मी दाराबाहेर नंबरची वाट बघत होते आणि आतून तिचा आवाज येत होता. तिनं आपली आई उभी केली होती. संध्याकाळी मेंढरं मोजणारी, एक कमी भरल्यावर पुन्हा मोजणारी, मग त्या एका मेंढीला अंधारात हाका मारणारी. बस्स, एवढंच. भाषण नाही, रडणं नाही. ती हाक ऐकून मी माझ्याही नकळत दाराच्या फटीशी गेले होते. परीक्षक म्हणाले, "पुन्हा एकदा कर." नंतर मी आत गेले आणि ओढणी डोक्यावरून घेऊन एका राणीचं पाठ केलेलं भाषण म्हटलं. ती माझ्यापेक्षा चांगली होती. हे मला यादी लागायच्या आधीपासून ठाऊक होतं आणि म्हणूनच मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आबा तिच्या वडिलांशेजारी दगडावर बसले. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, धरणाचं पाणी आलं तशी ती विकली. त्यामुळे दोघांचं लगेच जमलं. पाऊस, खूर, लांडगे, सगळं झालं. यादीबद्दल आबांनी चकार शब्द काढला नाही. ते माझ्यावर सोडलं होतं.

ती माझ्याकडे बघत होती. एकदम म्हणाली, "तू पिवळ्या ओढणीवाली ना? तुपलं काय झालं? लागला का नंबर?"

"वेटिंगला आहे," मी म्हणाले.

"लागंल बग. लई भारी केलतंस तू, मी दारातून ऐकलं. मपलं काय लागत न्हाई. मला ते भाषण-बिशन येत न्हाई."

तिनं असं म्हणायला नको होतं. ती वाकडं बोलली असती, नुसती गप्प जरी राहिली असती, तरी मी कदाचित तिथून तशीच परतले असते. मी परतले असते, हे लिहायला मला आजही लाज वाटते.

"तुझा नंबर लागलाय," मी म्हणाले. "कागदं घेऊन उद्या पाचच्या आत जायचंय."

तिनं कोकरू खाली ठेवलं. "आन् तुपलं?"

"तुझ्या खाली मी आहे."

"म्हंजी मी न्हाई गेले तर तू?"

"हो."

"मग सांगाया कावून आलीस?"

"ते माझ्या बापाला विचार, मला काय विचारतेस!" मी जोरात म्हणाले. जवळची चार मेंढरं दचकून पांगली. ती हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेव्हा तिचा फार राग आला होता आणि तरी तिच्यासोबत मीही हसले.

तिच्या वडिलांची ना नव्हती. अडचण वेगळीच होती. "एवढ्या मेंढरांमागं मी एकटा कसा पुरणार, पाव्हणं? आन् पोरगी बी एकटी कवा शहरात गेलेली न्हाई. मागल्या बारीला तिची आई संगं गेलती."

आबा उठले, खिशातून गाडीची चावी काढली आणि माझ्या हातात दिली. "मेंढरांमागं मी थांबतो परवापातूर. तुला ऑफिस ठावं हाय. तू जा हिच्यासंगं."

त्या आधी त्यांनी मला गावाबाहेर कधी गाडी चालवू दिली नव्हती. मी चावी घेतली.

आम्ही दोघी तिच्या घरी मुक्कामाला गेलो. चुलतीनं पेटीतून तिची कागदं काढून दिली. शुक्रवारी सकाळची एसटी भरून गेली म्हणून आम्हाला दुपारची मिळाली. अर्ध्या वाटेत ती पंक्चर झाली. मी मनात म्हटलं, देवा, असू दे अशीच. आणि त्याच दमात कंडक्टरवर ओरडले, "काका, लवकर करा ना, आम्हाला पाचच्या आत पोचायचंय." दोन्ही मीच. वर्षभरानंतर मलाही तिथंच प्रवेश मिळणार होता आणि तीच माझी सीनियर होऊन मला उच्चारांवरून झापणार होती, पण ते रस्त्याच्या कडेला उभं असताना मला कसं कळावं? मला एवढंच कळत होतं की बस सुरू झाली तर माझी जागा जाणार. बस सुरू झाली.

साडेचारला आम्ही खिडकीशी पोचलो. दाखल्याची झेरॉक्स नव्हती. ती डोळे विस्फारून इकडेतिकडे बघत होती, म्हणून मीच दाखला घेऊन समोरच्या दुकानाकडे पळाले. रांगेत तीन जण होते. मी त्यांच्या हातापाया पडून पुढं घुसले आणि परत आले तेव्हा मला धाप लागली होती.

क्लार्कनी कागदं एकावर एक लावली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "तू कोण हिची? बहीण?"

"वेटिंग एक," मी म्हणाले.

त्यांनी आवाज ओळखला. शिक्का हातात तसाच राहिला. ते एकदा तिच्याकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. मग अगदी हळू म्हणाले, "बाळ, तू काय करायलीस, ते कळतंय ना तुला?"

"कळतंय," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता. "म्हणूनच म्हणते काका, लवकर शिक्का मारा. पाच वाजायलेत."

त्यांनी मारला.