रिकामी मशीनं

"त्यात चादरी आहेत."

"काचेतून दिसतंय, दादा. रिकामं फिरतंय."

"मग झाल्या असतील धुऊन. मशीन साफ करतोय मी."

"तिन्ही? आणि रोज संध्याकाळीच?"

दादाने उत्तर म्हणून इस्त्रीवर पाणी शिंपडलं. फुस्स करून वाफ उठली. लाँड्रीच्या मागच्या खोलीत तिन्ही मशीनं गोल काचेच्या दारांआड कोरडीच गरगरत होती. कोपऱ्यात वहिनी उशीचे अभ्रे मोजत होती आणि बहीण-भावाच्या भांडणात पडायचं नाही म्हणून तेच अभ्रे पुन्हा मोजत होती.

बहिणीला सगळे मीटरताई म्हणत. वीज कंपनीत ती लागली तेव्हा दारोदार फिरून मीटर वाचायची. कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला न भुंकता चावतो हे तिला पाठ होतं. मग आपोआप आकडे पाठवणारे मीटर आले आणि आता ही घरी बसणार असं सगळे धरून चालले. कंपनीने तिला पडद्यासमोर बसवलं. पहिले काही दिवस तिला करमेना. ना जिने, ना कुत्रे, ना कोणी 'पाणी हवंय का' विचारणारं. मग हळूहळू तिला पडद्यावरच्या रेघा वाचता येऊ लागल्या. ही रेघ पहाटे उठते, म्हणजे बेकरीवाला. ही हल्ली अपरात्री सारखी दचकते, म्हणजे घरात तान्हं बाळ आलं. ती मनातल्या मनात त्या बाळाचं बारसं करून टाकी आणि कुणाला काही सांगत नसे.

तिचं आताचं काम ऐकायला सोपं होतं. उकाडा वाढला की संध्याकाळी सगळे एकदम पंखे, कूलर, एसी लावतात आणि वीज कमी पडते. तसा दिवस दिसला की कंपनी दुपारी फोनवर निरोप पाठवते: आज संध्याकाळी वीज जपून वापरा, बिलात सूट मिळेल. कोणी ऐकलं, कोणी नाही, आणि ऐकलं तर किती, हे मीटरताई बघते. निरोपाची वेळ झाली की रेघा एकेक करून खाली वाकतात. अख्ख्या गल्लीने जिना उतरताना एकमेकांना सांभाळून घ्यावं, तशा. ते बघताना तिला दरवेळी भरून येई. तिच्या स्वतःच्या घरी त्या वेळी दिवे मालवून नवरा-बायको गॅलरीत बसत. नवरा बेसूर गात असे. तुझ्या कंपनीमुळे आपण बोलायला लागलो, असं तो म्हणे, आणि गाणं थांबवलंस तर बोलता येईल, असं ती म्हणे. एकूण बरं चाललं होतं तिचं.

आणि या उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त वाकलेली रेघ निघाली तिच्या सख्ख्या भावाची.

तिचे कंपनीतले साहेब खूश. उद्या सकाळी फोटोवाल्याला घेऊन ते लाँड्रीत येणार होते. 'शब्दाला जागणारा ग्राहक' म्हणून दादाचा फोटो कंपनीच्या दारात लागणार होता. त्यासाठीचा पांढरा शर्ट खुंटीवर टांगलेला होता. वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे त्याला सकाळपासून तीनदा इस्त्री झाली होती, आणि गिऱ्हाइकांचे कपडे मात्र अजून चुरगळलेलेच होते.

मीटरताईला खटकलं ते दुसरंच. कपडे भरलेलं मशीन चढणीवरच्या बैलासारखं धापा टाकतं, त्याची रेघ दातेरी येते. दादाची रेघ निरोप नसलेल्या संध्याकाळी सपाट येत होती, तव्यासारखी.

"नेहमीच्या वापरापेक्षा किती कमी केलं, ते धरतात," ती म्हणाली. "आणि नेहमीचा वापर काढतात आधीच्या संध्याकाळींवरून. म्हणून तू रोज मशीनं रिकामी पळवतोस आणि निरोप आला की बंद करतोस."

"हे मला कुणी सांगितलं? तूच. माझ्या घरी बसून, दुसऱ्यांदा भात घेताना."

वहिनी अभ्र्यांत तोंड खुपसून हसली. मीटरताईलाही हसू आलं असतं, पण तिने ते गिळलं.

दादा तावातावाने सांगू लागला की त्याने कुणाचं काही चोरलेलं नाही, फुकट जाळलेल्या विजेचं बिलही तोच भरतो, आणि मिळालेल्या सवलतीतून ते वसूलही होत नाही. मग त्याचा आवाज खाली आला.

"पहिल्या वर्षी मी खरंच सगळं बंद ठेवलं होतं. पंखासुद्धा. घामाने निथळत बसलो होतो इथे. दुसऱ्या दिवशी फोनवर काय आलं माहितीय? 'आपला प्रतिसाद नगण्य.' नगण्य. मी."

हे तिला ठाऊक नव्हतं. नगण्य हा शब्द यंत्र आपोआप धाडतं, पण तो वाचणारा माणूस असतो, हे पडद्यावर दिसत नाही. दादाची खरी कामं दुपारीच उरकत. संध्याकाळी बंद करायला त्याच्याकडे होतं काय, तर एक पंखा.

ती स्टूल ओढून त्याच्या समोर बसली. तुझ्या आकड्यावर साहेब बाजारपेठेतल्या सगळ्या दुकानांचा हिशोब बसवणार आहेत, असं तिने समजावलं. तेवढी वीज वाचणार असं धरून कंपनी तेवढी कमी विकत घेईल. ती वाचलीच नाही, तर ऐन गर्दीत अख्ख्या बाजाराचे दिवे जातील. बेकरीवाल्याचे, समोरच्या दवाखान्याचे, सगळ्यांचे.



"पंखा बंद केलास तो आकडा लहान होता," ती म्हणाली, "पण खरा होता. तो मी साहेबांना दाखवीन, आणि तो शब्दही बदलायला लावीन. पण मशीनांचं लपवणार नाही. सकाळी ते आले की तू सांगतोस, की मी सांगू?"

वहिनीचं मोजणं थांबलं.

दादाने इस्त्री उभी केली. पहिल्या मशीनचं बटण दाबलं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. घरघर विझत गेली आणि रस्त्यावरच्या सायकलीची घंटी आत ऐकू आली. त्याने खुंटीवरच्या शर्टाकडे एकदा पाहिलं, जाताजाता भिंतीवरचं पंख्याचं बटणही खाली केलं आणि "मीच सांगतो" म्हणत बाहेर पडला.